अस्वलाचा दिवस, कुसुमाग्रजांचा दिवस

बाईंचा फळा : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

पेठेतल्या एका शाळेत मी २६ वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यातला एकही धडा आठवत नाही, आठवतो तो दारातला फळा. शाळा भरायच्या आधी अर्धा तास जाऊन मी त्यावर दिनविशेष लिहायचे. खडू पाण्यात बुडवून घ्यायचा. लिहिताना अक्षर फिकं दिसतं, पण वाळलं की पांढरंशुभ्र उठतं. ही युक्ती आमच्या शिपाईमामांची. फळ्यावर जेमतेम सहा ओळी मावायच्या. त्यामुळे आज कोण राहणार आणि कोण पुसलं जाणार, याचा निवाडा रोज सकाळी करावा लागे. गेल्या अंकात मी विचारलं होतं, एकाच तारखेला दोन-दोन दिवस आले की तुमची कुठे अडचण होते? निम्म्याहून जास्त पत्रं आली ती थोरामोठ्यांच्या तारखांवर येऊन बसलेल्या प्राण्यांबद्दल. त्यातली काही इथे घेतली आहेत.

२७ फेब्रुवारीला सकाळी मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठी भाषा गौरव दिनाचा संदेश टाकला. पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं त्याच्याखाली पांढऱ्या अस्वलाचा फोटो टाकून ‘हॅपी पोलर बेअर डे’ लिहिलं. ही मराठीची टिंगल नाही का? (एक आजोबा, कोथरूड)

नाही, आजोबा. मुलीची तारीख बरोबर आहे. २७ फेब्रुवारी हा ध्रुवीय अस्वलांचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. त्या सुमारास अस्वलीण बर्फात खोदलेल्या गुहेत पिल्लांना कुशीत घेऊन पडलेली असते. जन्मतः पिल्लू जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोचं, म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीएवढं. वसंत लागला की मायलेकरं बाहेर पडतात. त्या गुहेतल्या दिवसांवरून ही तारीख धरली आहे. कुसुमाग्रजांची तारीख त्यांच्या जन्माची, १९१२ सालची. आणि जन्मगाव आपलं पुणंच. दोन्ही तारखा मुद्दाम निवडलेल्या, फक्त त्यांची गाठ योगायोगानं पडली.

मी तारखांचे दोन प्रकार करते, सख्ख्या आणि शेजारी. सख्ख्या म्हणजे एका घटनेमुळेच दुसरा दिवस त्या तारखेला आला. शेजारी म्हणजे नुसती भिंतीला भिंत. कुसुमाग्रज आणि अस्वल शेजारी आहेत. शेजाऱ्याशी नातं जोडायला जाऊ नये आणि भांडायलाही जाऊ नये.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं. एका वर्षी कुणावर अन्याय नको म्हणून मी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे ‘ज्ञानपीठविजेते कवी कुसुमाग्रज / यांचा जन्म / पुणे, १९१२’. उजवीकडे ‘ध्रुवीय अस्वलाची मादी / बर्फाच्या गुहेत / पिल्लांसह विश्रांती घेते’. मध्ये रेघ मारायची राहिली. पाचवीतल्या एका मुलानं आपल्या सवयीप्रमाणे सरळ डावीकडून उजवीकडे, खणखणीत आवाजात वाचलं. कुसुमाग्रजांचा जन्म बर्फाच्या गुहेत झाला, हे त्या दिवशी अख्ख्या मधल्या सुट्टीला कळलं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. ‘बाई, रेघ,’ एवढंच म्हणाले.

तेव्हा त्या मुलीवर रागावू नका. तिला पोलर बेअरला मराठीत काय म्हणतात ते विचारा. तिला नसेल येत, तर तुमचा गौरव दिन कारणी लागला.

बाई, २० मार्चचा फळा आमच्या वर्गाकडे आलाय. सर म्हणतात चवदार तळं लिहा. माझी ताई म्हणते जागतिक चिमणी दिन लिही, चित्रपण काढता येईल. फळा खूप लहान आहे. काय करू? (इयत्ता सातवी, धनकवडी)

सरांचं ऐक. ताईचंही थोडं ऐकता येईल, पण आधी तळं नीट समजून घे.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सरकारी पैशानं बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. तो मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. केलं ते कागदावर. प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मग २० मार्च १९२७ ला, महाडच्या परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीनं तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यांच्यामागून बाकीचे प्यायले. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मांडवात परतलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या.

आता पुढचं फळ्यावर मावणार नाही, पण तुला ठाऊक हवं. तळं ‘बाटलं’ म्हणून त्याची शुद्धी केली गेली. १०८ घागरींत दही, दूध, शेण आणि गोमूत्र कालवून त्या मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या. नीट बघ, काय झालं ते. माणसाच्या ओंजळीनं पाणी विटाळलं आणि गाईच्या शेणानं ते शुद्ध झालं. एरवी त्याच तळ्यावर गुरं तोंड लावत होती, पाखरं उतरत होती, त्यांना कुणी हटकत नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले, तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं की हे पाणी प्यायल्यानं आम्ही अमर होणार नाही. इतरांसारखीच आम्हीही माणसं आहोत, हे ठरवायला आम्ही तळ्यावर जातो आहोत. कोर्टकचेरी मात्र चालूच राहिली. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो १९३७ साली, म्हणजे ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

आता तुझ्या ताईची चिमणी. हा दिवस आपल्याच मातीतला आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी पुढाकार घेतला आणि २०१० पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. महाडशी त्याचा संबंध नाही. आमच्या शाळेत एका मुलीनं निबंधात ‘चवदार तळ्यावर चिमण्या पाणी पीत म्हणून २० मार्चला चिमणी दिन’ असं लिहिलं होतं. कल्पना सुंदर होती, पण मला तिचे दोन गुण कापावे लागले. तळं आणि चिमणी शेजारी आहेत. पण शेजारच्या खिडकीतून कधी कधी आपलं घर जास्त स्पष्ट दिसतं, तसं इथे होतं, म्हणून मी दोन्ही लिहीन.

चिमणी का कमी झाली, हे तुझ्या वर्गाला मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यावरून सांगेन. माजघरात आजोबांचा फोटो टांगलेला असे. तेव्हा फोटो भिंतीला चिकटवत नसत. खालची कड दोन खिळ्यांवर टेकवायची आणि वरून दोरीनं फोटो पुढे झुकवायचा, म्हणजे जमिनीवर पाटावर बसलेल्यालाही दिसतो. त्यामुळे फोटोच्या मागे तिकोनी पोकळी राही आणि ती चिमणीची. काड्या, सुतळीचे तुकडे, एकदा तर आजीनं वातींसाठी पिंजून ठेवलेला कापूस. अंडी घातली की आजी पंखा लावू देत नसे. मे महिन्यात आम्ही घामानं निथळत असू आणि आजोबांच्या डोक्यामागून चिवचिवाट येई. आता वाडा गेला. फ्लॅटमध्ये फोटो भिंतीला सपाट बसतो. कौल नाही, वासा नाही, भिंतीला फट नाही. अंगणात धान्य निवडत नाहीत, त्यामुळे दाणा सांडत नाही. आणि दाणाही पुरत नाही, कारण पिल्लाला पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. ते औषध मारलेल्या बागेत मिळत नाहीत.

तर असं लिही:

२० मार्च १९२७, महाड.
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.
त्या तळ्यावर पाखरांना बंदी नव्हती, माणसांना होती.

मग एक रेघ मार. रेघ विसरू नकोस. तिच्याखाली लहान अक्षरात: ‘आज जागतिक चिमणी दिनही आहे.’ चित्र काढायचंच असेल तर ओंजळीचं काढ. बोटं जमत नाहीत म्हणून सगळे घाबरतात. दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना चिकटवून आधी स्वतःची ओंजळ बघ आणि मग खडू उचल. फळ्याखाली मातीचं पसरट परळ पाणी घालून ठेव. ते मात्र रोज बदलायचं, एक दिवसापुरतं नाही.

मी आरोग्यसेविका आहे. २८ सप्टेंबरला आमच्या केंद्रावर जागतिक रेबीज दिनाचा फलक लागतो. येणारे-जाणारे नाराज होतात, ‘लतादीदींच्या वाढदिवशी कुत्र्यांचं काय लावलंय?’ म्हणतात. तारीख बदलता येत नाही का? (सिंहगड रस्ता)

बदलता येणार नाही, कारण ही सख्खी तारीख आहे. रेबीजची लस देणारे लुई पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला वारले. म्हणून २००८ पासून हा दिवस त्या तारखेला आहे. लताबाईंचा जन्म १९२९ चा, इंदूरचा. त्या इथे शेजारी.

पाश्चरची आणखी एक तारीख तुमच्या कामाची आहे. ६ जुलै १८८५ ला अल्सासमधली एक आई नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला घेऊन पॅरिसला आली. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला ठिकठिकाणी फाडलं होतं. पाश्चर स्वतः वैद्यकीचे डॉक्टर नव्हते, त्यामुळे सुई डॉक्टरांकरवी टोचली. दहा दिवसांत तेरा वेळा टोचलं आणि पोरगा जगला. मोठेपणी तो पाश्चर यांच्याच संस्थेत द्वारपाल झाला. प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांचा दिवस ६ जुलैला पाळतात तो त्यामुळे. आणि पुणेकरांसाठी ६ जुलै म्हणजे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा जन्मदिवस (१८३७) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचा स्थापना दिवस (१९१७). ही आपसांत सख्खी तारीख: भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवसालाच संस्था स्थापन केली. फळ्यावर त्या दिवशी मला फार आनंद होई, कारण दोन सख्खी कुटुंबं आणि मधे एकच रेघ.

माझ्या धाकट्या भावाला १९६८ साली कुत्रा चावला होता. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. काका त्याला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. येताना एक लिमलेटची गोळी मिळे. चौदा गोळ्यांचे चौदा कागद त्यानं वहीत चिकटवून ठेवले होते आणि पाहुणे आले की पदकांसारखे दाखवायचा. आता दंडावर चार-पाच टोचण्यांत भागतं, तरी लोक पोटातल्या चौदांच्या धाकानं टाळाटाळ करतात. तुम्हाला मी काय सांगणार, पण इतर वाचकांसाठी लिहिते. चावा घेतल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. चुना, हळद, मिरची काही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही.

फलकाच्या वरच्या कोपऱ्यात पाश्चर यांच्या मृत्यूची तारीख लिहा. आणि त्या दिवशी केंद्रात लताबाईंचं गाणं लावायला कुणाची हरकत असणार?

हे सगळे इंग्रजी तारखांचे प्राणीदिन आम्हाला परके वाटतात. आमच्याकडे वाघबारस असते. गुराखी पोरं घरोघर धान्य मागतात, वाघोबाला नैवेद्य होतो. तुमच्या फळ्यावर ती कधी आली का? (जुन्नर तालुका)

आली नाही, बरीच वर्षं. चूक माझी. वसुबारस मात्र दरवर्षी लिहिली, गाय-वासराच्या चित्रासकट. अश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस, इतकंच पेठेत माहीत. त्याच तिथीला डोंगरातली माणसं वाघाची पूजा करतात, हे मला आंबेगावकडून वसतिगृहात आलेल्या एका मुलानं सांगितलं, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. गाय आणि तिला खाणारा, दोघांचा एकच दिवस! आणि हा योगायोग नाही, ही सख्खी तिथी आहे. ज्याच्या गोठ्यात गुरं त्यालाच वाघाची विनवणी करावी लागते. तुमच्याकडे उसात बिबट्या वितो आणि माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. तुम्हाला हे समजावणारी मी कोण!

तिथीच्या दिवसांची गंमत अशी की त्यांना कायमचा शेजारी नसतो. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारतो. नागपंचमी २०२४ साली ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी आली. २०२५ साली २९ जुलैला आली आणि तो होता जागतिक व्याघ्र दिन, २०१० च्या सेंट पीटर्सबर्गच्या परिषदेत ठरलेला. नागोबा आणि वाघोबा एका दिवशी! तिथी आणि तारीख पुन्हा जवळपास जुळायला साधारण १९ वर्षं लागतात. बैलपोळ्याचं तर विचारूच नका. कुठे श्रावणी अमावास्येला, आपल्या पुणे जिल्ह्यात बऱ्याच गावांत भाद्रपदी अमावास्येला. फळ्यावर ‘आज पोळा’ लिहिलं की मावळातली मुलं दारातच भांडायची, ‘बाई, आमचा नाही!’

या तिथी-तारखेच्या घोळात मीही एकदा तोंडघशी पडले आहे. १४ जानेवारीला मी लिहिलं: ‘१७६१ च्या संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं.’ समोरच्या वाड्यातले एक निवृत्त गृहस्थ काठी टेकत आले आणि म्हणाले, ‘बाई, तारीख बरोबर, संक्रांत चूक.’ संक्रांतही तारखेनं पुढे सरकते, सत्तरएक वर्षांत एक दिवस. १७६१ साली ती लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. फळा पुसताना ते बाजूला उभे होते, आणि पुसून झाल्यावर मला तिळगूळ दिला.

४ ऑक्टोबर हा जागतिक प्राणी दिन आणि स्पुटनिकचाही दिवस. हे सख्खे की शेजारी? (निवृत्त अभियंता, औंध)

शेजारी, पण या शेजाऱ्यांच्या भिंतीला एक भोक आहे. प्राणी दिन असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणावरून आला. हाइन्‍रिश झिमरमान यांनी तो पहिल्यांदा बर्लिनमध्ये १९२५ साली केला, पण ४ ऑक्टोबरला सभागृह मिळालं नाही म्हणून २४ मार्चला केला! सभागृहाच्या तारखेसाठी खेटे घातलेल्या पुण्यातल्या कुठल्याही नाटकवाल्याला हे वाचून बरं वाटेल. ४ ऑक्टोबरची तारीख १९२९ पासून मिळाली. स्पुटनिक उडालं ४ ऑक्टोबर १९५७ ला, आणि महिनाभरानं, ३ नोव्हेंबरला, दुसऱ्या स्पुटनिकमधून लायका गेली. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. परत आणायची सोयच केली नव्हती. ती उष्णतेनं काही तासांतच मेली, हे जगाला कळलं २००२ साली. आमच्या वर्गात हे सांगितलं की मुलं पहिला प्रश्न विचारत, ‘तिला कुणी विचारलं होतं का?’

८ ऑगस्टला मांजर दिन! त्या दिवशी ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता, बाई! (शनिवार पेठ)

झाला होता, १९४२ साली, मुंबईत गवालिया टँक मैदानावर. शेजारी. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला मांजराच्या पंजाचा शाईचा ठसा आहे, तेव्हा हे भांडण मी तुमच्या घरातच सोडते.

२२ जून हा उंटांचा दिवस असल्याचं नातवानं सांगितलं. त्याच तारखेला रँडवर गोळी झाडली गेली. चापेकरांच्या दिवशी उंट कशाला? (चिंचवड)

कशाला म्हणजे, शेजारी म्हणून. नातवाला सांगा की पेशवाईत तातडीचे निरोप सांडणीस्वार नेत, आणि सांडणी म्हणजे वेगानं पळणारी उंटीण. एवढी ओळख पुण्याला पुरे.

पण २२ जून १८९७ ला मुद्दाम एखादा प्राणी जोडायचाच झाला तर मी उंदीर जोडीन. त्या संध्याकाळी गणेशखिंडीत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ होता आणि तिथून परतताना दामोदर चापेकरांनी रँडला गाठलं. रँडवर राग होता तो प्लेगच्या बंदोबस्ताचा. गोरे शिपाई घराघरांत, माजघरांत, देवघरांत शिरून रोगी हुडकत होते, बायकांना बाहेर काढून तपासत होते, सामानसुमान जाळत होते. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं ते त्याच्या पुढच्या वर्षी, १८९८ साली. म्हणजे पुण्यात ज्याला पकडायला हवं होतं तो त्याच घरांच्या वाशांवरून पळत होता, आणि सगळे बघत होते माणसांकडे.

उंटाला त्या दिवशी फळ्यावर खाली डावीकडे जागा द्यायला माझी हरकत नाही.